डावीकडची फट

सुबोध परब कशालाच घाबरत नाही, असं त्याच्या कंपनीतली माणसं ठासून सांगायची. मालाड-गोरेगावच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. बावीस वर्षं तो तेच करत होता. लिफ्टच्या टपावर उभं राहायचं, पायाखाली चौदा मजल्यांचा काळोख, एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि हा आपला मजेत गुणगुणतोय. एकदा गोरेगाव पूर्वेला दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून त्याने सात माणसं एकेक करून बाहेर काढली. शेवटच्या बाई रडायला लागल्या, तर त्यांना म्हणाला, "मावशी, रडा खुशाल, पण आधी चप्पल पायात घाला. पाय घसरेल."

पण सुबोधला एक भीती होती आणि ती त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. त्याला दातांच्या डॉक्टरची भीती वाटायची. नुसती धाकधूक नव्हे, दवाखान्याच्या पाटीवर दाताचं चित्र दिसलं तरी त्याच्या तळहातांना घाम फुटायचा.

तो बारा वर्षांचा असतानाची गोष्ट. तेव्हा परब मंडळी परळच्या चाळीत राहायची. वडील धोंडू परब गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यांना घरात आणि चाळीत सगळे नानाच म्हणायचे. सुबोधची डावीकडची खालची दाढ धड वर आली नव्हती, अर्धी हिरडीतच होती, आणि तशीच किडली. नाना त्याला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, पकड लावली आणि ओढायला सुरुवात केली. दाढ हलेना. आणखी एक इंजेक्शन झालं. मग कंपाउंडरने डोकं धरलं, नानांनी पाय धरले. भूल उतरत आली तरी ओढणं चालूच होतं. शेवटी 'कट्' असा आवाज झाला, तो सुबोधला कानाने नाही, कवटीतून ऐकू आला. दाढ निघाली ती हाडाचा तुकडा घेऊनच. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "असली दाढ मी आयुष्यात बघितली नाही. सिमेंटमध्ये बसवल्यासारखी." पुढचे दोन दिवस रक्त थांबत नव्हतं. त्यानंतर सुबोधने कुठल्याही डॉक्टरपुढे तोंड उघडलं नाही.

तोंडात लपवण्यासारखंही होतं. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींना टेकतच नव्हत्या. तोंड मिटलं तरी मध्ये करंगळी शिरेल एवढी फट राहायची. भाकरी तो कढीत बुडवून खायचा, मटण असलं तर उजवीकडे घोळवायचा, मान जराशी कलती करून. वर भरघोस मिशी ठेवली होती. सुगंधाला, म्हणजे त्याच्या बायकोला, अठरा वर्षांत वाटत आलं की नवऱ्याची जेवायची तऱ्हाच अशी आहे. एक दाढ लहानपणी काढली, एवढंच तिला ठाऊक होतं.

थोरली मुलगी अपूर्वा तेरा वर्षांची झाली तेव्हा तिचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले दिसायला लागले. शाळेत पोरं चिडवायची. सुगंधाने मालाडला मार्केटजवळ डॉक्टर पूर्वी म्हणून दात सरळ करणाऱ्या डॉक्टर आहेत त्यांची वेळ घेतली, आणि सुबोधला बजावलं, "तुम्ही यायचं. बाप म्हणून एकदा तरी या."

तो गेला. बाहेरच्या बाकावर बसून फॉर्म भरायचं काम त्याच्याकडे आलं. नाव, वय, कुठल्या औषधाची ॲलर्जी. मग एक प्रश्न होता: घरात कुणाला जबड्याचा किंवा दात नीट न येण्याचा त्रास आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

सुबोधचं पेन थांबलं. 'हो' लिहिलं की विचारणार, कुणाला? मग म्हणणार, दाखवा बघू. आतल्या खोलीतून कसलंतरी यंत्र घरघरत होतं आणि लवंगेच्या तेलाचा वास येत होता. त्याचा हात ओला झाला. त्याने 'नाही'वर खूण केली आणि कागद उलटा करून सुगंधाच्या हातात दिला.

डॉक्टर पूर्वी चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. अपूर्वाचं तोंड बघून म्हणाल्या, "मागच्या दाढा थोड्या खाली आहेत, पण वय लहान आहे, येतील. अठरा महिने धरा, फार तर दोन वर्षं. झकास होईल."

त्याच महिन्यात अपूर्वाला ब्रेसेस लागल्या, आणि परबांच्याच इमारतीतल्या पाचव्या मजल्यावरच्या कृणाललाही. डॉक्टर त्याच, वयही तेच. त्याचे दात तर अपूर्वापेक्षा वाईट होते, एक सुळा पार हिरडीच्या वर उगवलेला. दोघं लिफ्टमध्ये भेटली की तारा दाखवून हसायची.

सोळा महिन्यांनी कृणालच्या तारा निघाल्या. तो घरोघर जाऊन नवे दात दाखवून आला. अपूर्वाने त्याला "मस्त रे" म्हटलं आणि आत जाऊन आरशासमोर उभी राहिली.

तिचे पुढचे दात वर्षभरात सरळ झाले होते. पण डावीकडे भलतंच व्हायला लागलं होतं. दात मिटले तरी बाजूला फट दिसायची. आधी नखाएवढी होती, मग वाढत गेली. डॉक्टर पूर्वींनी तार बदलली, जाड घातली. मग वरच्या दातांतून खालच्या दातांना बारीक रबर लावायला दिले, दिवसरात्र लावून ठेवायचे, जेवतानाच काढायचे. दोन वर्षं झाली, दोन वर्षं चार महिने झाले. फट मिटायची सोडून रुंदच होत चालली.

"अपूर्वा, रबर लावतेस ना बेटा?" डॉक्टरांनी विचारलं.

"लावते."

"चोवीस तास? खरं सांग. रबर नीट लावले तर इतका वेळ लागत नाही."

घरी आल्यावर सुगंधाच्या तोंडाचा पट्टा सुटला. "डॉक्टरबाई एवढा वेळ देतात, जीव तोडून करतात, आणि तुला दोन रबर लावायला होत नाहीत? तो कृणाल बघ!"

"आई, मी लावते गं! शप्पथ लावते! झोपेत तुटला तर उठून दुसरा लावते!"

"मग कृणालचं झालं, तुझं का नाही? दात वेगळे आहेत का तुझे?"

त्या दिवसापासून सुगंधा रबरांची रिकामी पाकिटं मोजायला लागली. धाकटी निशा, सात वर्षांची, तिला काम दिलं होतं: ताईच्या तोंडात रबर आहे का बघून सांगायचं. घरात दातांवरून रोज कटकट. सुबोध त्यात पडायचा नाही. दातांचा विषय निघाला की तो उठून गॅलरीत जायचा.

एका रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. सुगंधाने घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी केली होती. सुबोधची नजर सहज अपूर्वाकडे गेली. तिने घावणा तोडला, तोंडात घातला, मान डावीकडून उजवीकडे कलती केली, आणि जिभेने घास उजव्या बाजूला ढकलून चावायला लागली. दोनदा चावून थांबली, पाण्याचा घोट घेतला, परत मान कलती केली.

सुबोधचा हात ताटातच राहिला. ती मान त्याची होती, तो पाण्याचा घोटही त्याचा होता. कुणी शिकवून येणारी गोष्ट नव्हती ती. डावीकडे चावता येत नाही म्हणून माणूस जे करतो ते बत्तीस वर्षं तो करत आला होता, आणि आता त्याची मुलगी समोर बसून तेच करत होती.

फॉर्मवरचा तो 'नाही'चा चौकोन डोळ्यांसमोर आला.

दुसऱ्या दिवशी मालाडच्या एका इमारतीत काम होतं. त्याने लिफ्ट वरच्या मजल्यावर बंद केली, आत उभा राहिला, आणि लिफ्टच्या आरशात बॅटरी मारून स्वतःचं तोंड बघितलं. कितीतरी वर्षांनी बघितलं. डावीकडच्या वरच्या दाढा जणू कुणी हिरडीत दाबून ठेवल्या होत्या. खाली एक खड्डा, त्याच्या मागची दाढ अर्धी बुडालेली. अपूर्वाची फट नेमकी याच जागी होती. बाहेरून कुणीतरी दार ठोकून "झालं का?" विचारलं, तेव्हा तो एवढा दचकला की बॅटरी खाली पडली.

पुढचे आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिच्याही दाढा सिमेंटमध्ये बसल्यासारख्या असतील तर? उद्या डॉक्टर म्हणाल्या, हलत नाहीत तर काढून टाकू, आणि तिलाही तसंच धरून ठेवलं तर? तो 'कट्' आवाज त्याला लिफ्टच्या दारातसुद्धा ऐकू यायला लागला.

शेवटी त्याने नानांना गाठलं. नाना आता चौऱ्याहत्तरचे, मुलाकडेच राहायचे, तोंडात चार दात उरलेले. सुगंधा बाजारात गेली होती, मुली शाळेत.

"नाना, तुमच्या डाव्या बाजूच्या दाढा कधी टेकायच्या का?"

नाना त्याच्याकडे बघतच राहिले. "आता ह्यां काय काढलंस?"

"सांगा ना."

"नाय टेकायच्या. माझ्या आवशीच्या पण नाय टेकायच्या. ती सगळां मऊ करून खायची. आमच्या घराण्यात हाच तां. तुझी दाढ निघाक नाय, तेव्हाच माका समाजला, तूय आमच्यातलोच."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलान काय करतलो होतास?" नानांनी आवाज खाली आणला. "आणि तू पण खंय बोलू नको. पोरीचा लगीन व्हायचा आसा. घराण्यात काय दोष आसा म्हटल्यावर लोक दारात उभे रवाचे नाय."

म्हणजे सुबोधच्या आजीपासून चालत आलेली गोष्ट होती, आणि प्रत्येकाने ती मिशीत नाहीतर पदरात लपवली होती.

दोन दिवसांनी दुपारी तो एकटाच डॉक्टर पूर्वींच्या दवाखान्यात गेला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला, खाली उतरला, रस्त्यावर चहा घेतला, परत चढला. असं दोनदा झालं. आत गेला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"सुबोधभाई? अपूर्वा कुठे?"

"ती नाही. मॅडम, मी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं."

आणि उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. दाढ, हाडाचा तुकडा, फट, नाना, नानांची आई. डॉक्टर पूर्वी आधी ऐकत होत्या, मग त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी हातमोजे चढवले.

"मला बघू द्या."

"ओढणार नाही ना काही?"

"फक्त बघणार. मी फक्त आरसा वापरीन. हात वर केलात की थांबेन."

तो खुर्चीत बसला. खुर्ची मागे झुकली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तिचे कठडे असे धरले की बोटं पांढरी पडली. डोळे घट्ट मिटले. आरशाचा गारवा गालाच्या आतून लागला आणि त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, लहान मुलासारखा. त्याने हात वर केला. डॉक्टर लगेच थांबल्या. मग परत. मग परत थांबल्या. दोन मिनिटांचं काम, त्याला वीस मिनिटं लागली.

नंतर त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला आणि तो अपूर्वाच्या नव्या एक्सरेशेजारी पडद्यावर लावला. सुबोधला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दोन्ही चित्रांत डावीकडे दाढा त्याच जागी अडून बसलेल्या होत्या, एवढं त्यालाही दिसलं.

डॉक्टर पूर्वींनी चष्मा काढला. "सुबोधभाई, तुम्ही घाबरलात, आता मी घाबरले. ही मुलगी खरं बोलत होती. तिने रबर लावले होते, रोज लावले होते. म्हणूनच फट वाढली."

"म्हणजे?"

"दात तारेने नुसता ओढून सरकत नाही. दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवीन भरतं, तेव्हा तो जागा बदलतो. हे काम प्रत्येकाच्या शरीरात सारख्या वेगाने होत नाही. एकच तार, एकच ताण, पण एकाचं हाड लवकर वाट देतं, दुसऱ्याचं उशिरा. त्यातलं किती आईबापांकडून येतं आणि किती दुसऱ्या कारणांनी, हे अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. कृणाल सोळा महिन्यांत सुटला, दुसऱ्या कुणाला तीस लागतील, त्यात पोराची चूक असेलच असं नाही. पण अपूर्वाचं वेगळं वाटतंय. काही घराण्यांत दाढेला वर येण्याचा निरोपच नीट मिळत नाही. आणि असल्या दाढेला तारेने ओढलं, तर ती यायच्या ऐवजी हाडाला चिकटून बसते. ती हलत नाही, म्हणून सगळा ताण शेजारच्या चांगल्या दातांवर जातो. ते दबतात. मी दोन वर्षं तेच करत होते."

सुबोधने विचारलं, "मी त्या दिवशी 'हो' लिहिलं असतं तर?"

डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. "तर मी आधी तुम्हाला बघितलं असतं. कदाचित तार मागच्या दाढांना लावलीच नसती. पण दीड वर्षाने मलाही शंका यायला हवी होती. मी मुलीला दोष देत बसले. ती चूक माझी."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाढांवरची तार काढायची असं ठरलं, आणि पक्कं कळावं म्हणून दातांच्या कॉलेजमधल्या भीमराज सरांकडे जायचं, ते रक्त तपासून जनुकात बदल आहे का बघतील.

आता घरी सांगायचं होतं. चौदा मजल्यांच्या काळोखावर उभं राहणं त्याला याहून सोपं वाटलं.

त्याने मुलींसमोरच सांगितलं. सुगंधा आधी नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अठरा वर्षं. अठरा वर्षं मी तुमची भाकरी कढीत भिजवून देतेय, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"भीती वाटत होती गं."

"तुम्हाला भीती वाटत होती, म्हणून मी हिला दोन वर्षं खोटारडी ठरवलं!" तिचा आवाज फुटला. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

अपूर्वा रडली नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे मी रबर लावत होते, हे आता पटलं ना सगळ्यांना?"

"हो बाळा," सुबोध म्हणाला.

"आईला पण सांगा. परत सांगा. मोठ्याने." आणि मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "पप्पा, मला पण तसंच धरून काढणार का दाढ?"

"मी काढू देणार नाही," एवढंच तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला कळत होतं की हे त्याच्या हातात नाही.

भीमराज सरांनी बाप-लेकीचं रक्त घेतलं. अहवाल यायला सहा आठवडे लागणार होते. ते सहा आठवडे घरात कुणी मोठ्याने हसलं नाही. सुगंधा नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. लेकीशी मात्र ती रोज काहीतरी बोलायला जायची आणि शब्द सापडले नाहीत की तिच्या केसांना तेल लावत बसायची. अपूर्वा रोज सकाळी आरशासमोर फट बघायची. ती वाढत नव्हती. तार निघाल्यापासून ती तिथेच थांबली होती, पण कुणाला धीर धरवत नव्हता. नाना म्हणायचे, "माका इचारलंस तेव्हा मी सांगलंय ना? कशाक ह्या रगताबिगताच्या भानगडीत?" कुणी उत्तर द्यायचं नाही.

अहवाल आला. दोघांच्याही रक्तात तोच बदल होता, एकाच जनुकात, एकाच जागी.

भीमराज सर हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी अपूर्वाला स्वतःसमोर बसवलं, आईबापांना बाजूला. "तुझी दाढ कुणी ओढणार नाही," ते आधी तेच म्हणाले. "ती आहे तिथे राहील. पुढचे दात डॉक्टर पूर्वी सावकाश नीट करतील, मागच्यांना हात न लावता. तुझा जबडा वाढायचा थांबला, एकोणीस-वीस वर्षांची झालीस, की त्या दाढांवर उंच टोप्या बसवून फट भरता येते का बघू. कदाचित हाडाचं छोटं ऑपरेशन लागेल. कदाचित नाही. आज मी शब्द देत नाही."

"म्हणजे अजून पाच वर्षं?" अपूर्वाने विचारलं.

"पाच वर्षं. पण ओढाताणीची नाहीत."

मग सुगंधाने तो प्रश्न विचारला जो सुबोधच्या जिभेवर सहा आठवडे होता आणि बाहेर येत नव्हता. "आमची धाकटी? निशा?"

"प्रत्येक मुलाला अर्धी-अर्धी शक्यता," सर म्हणाले. "नाणं उडवल्यासारखं."

सुगंधाला निशाची तपासणी नको होती. "आठ वर्षांची होतेय ती. तिला आत्तापासून कशाला? नसेल काही. हसू दे तिला." सुबोध म्हणाला, "मी नाही बघितलं म्हणून अपूर्वाचं हे झालं. बघायचं." चार दिवस दोघं भांडली. शेवटी डॉक्टर पूर्वींनी मधला मार्ग काढला: आधी नुसता एक्सरे, दुखत नाही, खुपत नाही. त्यात निशाची उजवीकडची मोठी दाढ छान वर आलेली होती. डावीकडची खालीच होती. वरचं हाड मोकळं होतं, वाट मोकळी होती, आणि दाढ मात्र येत नव्हती.

सुगंधा त्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडे बघत उभी राहिली. मग स्वतःच म्हणाली, "घ्या रक्त."

निशाच्या रक्तातही तो बदल निघाला. त्या संध्याकाळी सुगंधाने पहिल्यांदा सुबोधचा हात धरला. दोघांचे हात गार होते. निशाला कसं सांगायचं यावर ती दोघं बोलत असताना अपूर्वाने परस्पर सांगूनही टाकलं होतं. "तुला पण आहे. पण तुला कुणी रबर लावणार नाही, आणि कुणी खोटारडी म्हणणार नाही. बस."

नानांचा विरोध कायम होता, पण सुबोध आता थांबला नाही. तो रोज कामावरून आला की एका नातेवाइकाला फोन लावायचा. आजीची मुलं, त्यांची मुलं, देवगडला, डोंबिवलीला, मुलुंडला. काय सांगायचं ते त्याने कागदावर लिहून ठेवलं होतं, तरी प्रत्येक वेळी आवाज कापायचा. एका काकाने फोन आपटला. एक आत्या म्हणाली, "आमच्याकडे असलं काही नाही हो," आणि गडबडीने गावच्या पालखीचं विचारायला लागली.

मुलुंडचा चुलतभाऊ मिथुन सगळं ऐकून घेतल्यावर काहीच बोलला नाही. एवढा वेळ की सुबोधला वाटलं, फोन कट झाला.

"मिथुन? आहेस ना रे?"

"आहे." मग आवाज आला, एकदम बारीक झालेला. "आमच्या पूजाला तीन वर्षं झाली तारा लावून. डॉक्टर बदलला, तरी होत नाहीये. काल तिला मी मारलं रे, रबर लावत नाही म्हणून." आणि मग, "फट कुठल्या बाजूला असते?"

"आमच्याकडे डावीकडे," सुबोध म्हणाला. "तिच्याकडे कुठे आहे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, दार उघडल्याचा आवाज आला. मिथुन मुलीला हाक मारत होता, मऊ आवाजात, दोनदा, तीनदा. ती लगेच येत नव्हती. सुबोध फोन कानाला लावून उभा राहिला. तळहात ओले झाले होते, ते त्याने पँटला पुसले, आणि तो वाट बघत राहिला.

पूजाची फट दोन्ही बाजूंना होती. त्याच आठवड्यात सुबोधने सुट्टी टाकली आणि मिथुन, पूजा आणि तो असे तिघं भीमराज सरांकडे गेले.